जेन्युइन की ऑथेंटिक? अर्जंट मदत हवी आहे

मागवाला: दोन्हीचा अर्थ डिक्शनरीत 'खरा' असाच दिलाय. मग फरक काय आणि कुठला लिहू? पाचपर्यंत सांगायचंय, प्रिंटरवाल्याचे दोन फोन येऊन गेले. 'गुगल कर' म्हणू नका, केलंय.

पार्कचौक: कशावर लिहायचंय ते तर सांग बे. पत्रिकेवर की औषधाच्या बाटलीवर?

निवृत्त मास्तर: शाळेचा दाखला असल्यास बोनाफाईड. मूळ लॅटिन, अर्थ 'सद्भावनेने'. कोर्टात उलट शब्द मालाफाईड. जन्मभर हे दाखले लिहून दिले, पोरं शेवटपर्यंत 'बोनाफाईट'च म्हणाली.

मागवाला: सर दाखला नाहीये हो, चादरीचं लेबल आहे!!

सातरस्ता: मग हे आधी सांगायचं. जेन्युइन म्हणजे वस्तू नकली नाही एवढंच. ऑथेंटिक म्हणजे जिथली सांगताय तिथलीच आणि तिथल्याच पद्धतीची. शेंगा चटणी घे, पुण्यात मिक्सरला फिरवलेली पण शेंगदाण्याचीच असते, खोटी नाही, पण उखळात कुटून तेल सुटलेली ती ऑथेंटिक सोलापुरी. माणूस मात्र जेन्युइन, अडचण पण जेन्युइन, 'ऑथेंटिक अडचण' कोणी म्हणत नाही.

कडकभाकरी: मिक्सरची चटणी चटणीच नव्हे. उखळात कुटून देणारं कोणी आहे का अजून, नवी पेठेच्या आसपास?

हुशारसिंग: सिन्सिअर लिहा. लॅटिनमध्ये अर्थ 'मेणाशिवाय', रोमन शिल्पकार मूर्तीच्या भेगा मेणाने बुजवायचे त्यावरून आलाय.

निवृत्त मास्तर: ती रचलेली गोष्ट आहे, कोशकार मानत नाहीत. शिवाय सिन्सिअर माणूस असतो, चादर नव्हे.

पार्कचौक: इंग्रजी हवंच कशाला, 'अस्सल' लिही.

हुशारसिंग: अस्सल पण अरबीच आहे 😄

मागवाला: गिऱ्हाईक बेंगळुरूचं आहे, त्याला अस्सल काय कळणार. ठरलं, 'ऑथेंटिक सोलापुरी चादर' देतो.

सातरस्ता: थांब. सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, १९९९ चा कायदा. ते नाव लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते, आणि माल इथलाच पाहिजे. तुझ्या मागावरचाच आहे ना?

मागवाला: टॉवेल आपल्याच मागावरचे. चादरी या खेपेला बाहेरून उचलल्या, जेकार्डच्या म्हणजे नक्षीच्या मागावरचा एक कामगार गावी गेला तो आलाच नाही. पण सूत कॉटनच आहे, हात लावून बघा.

पार्कचौक: घ्या! नाव मागवाला आणि माल बाहेरचा.

सातरस्ता: मग ऑथेंटिक पण काढ आणि सोलापुरी पण काढ. कॉटन शंभर टक्के असेल तर 'प्युअर कॉटन' लिही, संपलं. नुसतं जेन्युइन लिहून भाव वाढत नाही, बेल्टवर 'जेन्युइन लेदर' असतं ना, चामडं खरं असतं पण बऱ्याचदा हलक्यातलं.

मागवाला: सोलापुरी काढलं तर घेणार कोण सांगा. बरं, टॉवेलवर तरी जेन्युइन टाकतो. शेवटी ई असतो का? प्रिंटरने प्रूफमध्ये खाल्लाय.

निवृत्त मास्तर: असतो. जी ई एन यू आय एन ई. आणि बोनाफाईड हे मुळात दोन शब्द आहेत, कोणी विचारलं नाही तरी सांगतो.

कडकभाकरी: उखळाचं कोणीच सांगितलं नाही.