सगळे ट्यूमर मार्कर नॉर्मल आले, म्हणजे कर्करोग नाही असं धरायचं का?

प्रश्न (सावली_७): चेकअप पॅकेजमध्ये ट्यूमर मार्कर, म्हणजे काही कर्करोगांत रक्तात वाढणारे पदार्थ, मोजतात: सीईए (मुख्यतः आतड्यासाठी), सीए-१२५ (अंडाशयासाठी), सीए १९-९ (स्वादुपिंडासाठी), पीएसए (पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीसाठी). ते मर्यादेत आले की निर्धास्त राहायचं का? आणि एकाच नमुन्यातून अनेक कर्करोग शोधणारी डीएनए चाचणी जास्त भरवशाची आहे का?

लॅबवाला: नाही. पीएसए सोडला तर हे मार्कर मुख्यतः निदान झालेल्या रुग्णावर उपचार लागू पडताहेत का, हे बघायला वापरतात. सीए-१२५ पाळीत, एंडोमेट्रिऑसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार), गर्भारपणात, पोटाच्या क्षयातही ३५ या नेहमीच्या मर्यादेच्या वर जातो. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांचा अभ्यास झाला; या चाचणीमुळे अंडाशयाच्या कर्करोगाचे मृत्यू घटले नाहीत, असं २०२१ मध्ये स्पष्ट झालं. सीईए सिगारेट ओढणाऱ्यांत मुळातच जास्त असतो. सीए १९-९ ची गंमत वेगळीच: लुईस अँटिजेन (रक्तपेशींवरचा एक आनुवंशिक घटक) नसलेल्यांच्या शरीरात तो जवळपास बनतच नाही, मग स्वादुपिंडात गाठ असूनही रिपोर्ट स्वच्छ येतो.

मूत्ररोग_कट्टा: पीएसएबद्दल. लघवीचा संसर्ग असेल तर तो बरा झाल्यावर सहा आठवडे थांबा. आधीचे ४८ तास वीर्यस्खलन आणि सायकल टाळा. फिनास्टेराइड (प्रोस्टेटच्या वाढीवर किंवा केसगळतीवर देतात ते औषध) सहा महिन्यांपेक्षा जास्त चालू असेल तर आकडा साधारण निम्मा दिसतो, म्हणून दुप्पट करून वाचतात. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला सांगा. काही यंत्रांवर आकडा खोटा कमी येतो.

मेथिल: डीएनए चाचणी गाठीतून रक्तात सुटलेल्या डीएनएच्या तुकड्यांवरच्या मेथिलेशनच्या, म्हणजे डीएनएला चिकटलेल्या रासायनिक, खुणा वाचते. गाठ लहान, तर तुकडे कमी. अडचण तिथेच आहे. गॅलेरी नावाच्या अशाच एका चाचणीने एका मोठ्या अभ्यासात चौथ्या टप्प्यातले सुमारे ९० टक्के कर्करोग पकडले, पहिल्या टप्प्यातले जेमतेम १७ टक्के. पन्नाशीपुढच्या ६,६२१ लोकांच्या दुसऱ्या अभ्यासात ९२ जणांना ‘सिग्नल’ आला, त्यांतल्या ३५ जणांनाच कर्करोग निघाला. बाकीच्यांच्या वाट्याला स्कॅन, काहींना बायोप्सी.
नमुनाही नाजूक असतो. पेशी टिकवणाऱ्या खास ट्यूबमध्ये रक्त घेऊन ती लगेच ८-१० वेळा हळुवार उलटीसुलटी करायची, फ्रीजमध्ये ठेवायची नाही. पांढऱ्या पेशी फुटल्या की त्यांच्या डीएनएत गाठीचा डीएनए हरवतो.

सावली_७: मग ही निगेटिव्ह आली तर मॅमोग्राफी टाळता येईल?

लॅबवाला: अजिबात नाही. मॅमोग्राफी, गर्भाशयमुखाची एचपीव्ही (त्या कर्करोगामागचा विषाणू) चाचणी, आतड्यासाठी शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी एफआयटी किंवा कोलोनोस्कोपी वयानुसार चालूच ठेवायची. शौचातून रक्त, स्तनात गाठ किंवा कारणाशिवाय वजन घटणं असेल तर ते स्क्रीनिंगचं प्रकरणच नाही, थेट डॉक्टरांकडे जा.