नरक्यासाठी हिरड्याला शिक्षा कशाला?

बाळहिरडा:
'घाटमाथा' यांनी काल लिहिलं, "सह्याद्रीतली औषधी झाडं वाचवायची तर गावकऱ्यांनी रानातून काहीही आणणं सरसकट बंद करा. नरक्याची गत बघा." रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

नरक्या या औषधी झाडाची मुळं आणि खोड लागतं, म्हणून अख्खं झाड जातं. हिरड्याचं आम्ही फळ काढतो, तेही कोवळं, आठळी धरायच्या आत. आमच्या आंबेगावच्या डोंगरात उन्हाळाभर हेच काम. खळ्यावर पसरलं की हिरवं फळ काळं कुळकुळीत होतं आणि आईची बोटंही. ती पावसाळ्यापर्यंत तशीच राहायची. माझ्या वह्या-पुस्तकांचे पैसे त्यातूनच यायचे. आजोबा ज्यांवर चढले त्यातली चार झाडं जून २०२०च्या निसर्ग वादळात आडवी झाली. अजून त्या जागेकडे बघवत नाही. असं झाड आम्ही मारू? २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज, म्हणजे फळं, डिंक असं रानातून मिळणारं, आमचं मानलंय, ते एका पोस्टने काढून घेणार?

घाटमाथा:
कोवळंच फळ काढलंत तर बी पडणार कुठून? म्हातारी झाडं दिसतात, खाली रोप दिसत नाही. गेल्या वैशाखात फांदीच तोडून हिरडा ओरबाडलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. कायदा रोप लावत नाही.

चंदगडी:
नरक्याचं नाव निघालंच आहे तर ऐका. माझे वडील रोजावर तो तोडायला जायचे. कशाला लागतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. तुकडे पोत्यात भरायचे, रात्री गाडी यायची. पकडले गेले ते मजूर, गाडीवाला नाही. पुढे आत्याला आतड्याचा कॅन्सर झाला, तेव्हा डॉक्टरांनी इरिनोटेकान नावाचं औषध दिलं. ज्या कॅम्प्टोथेसिन या द्रव्यापासून ते बनतं, ते १९६६ साली एका चिनी झाडात सापडलं. शोधणाऱ्या दोघांतले मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे. तेच द्रव्य नरक्यात आहे. वडिलांना हे सांगितलं तर बराच वेळ बोलले नाहीत. बंदी घालायची तर आधी त्या गाडीवर घाला.

नाडीपरीक्षा:
मागणी शहरातून येते, मूळ दुखणं तिथं आहे. कोरोनात गुळवेलीसाठी लोकांनी बांधावरच्या वेली मुळासकट ओढल्या. ओळख न पटवता काहीही उकळून प्यायले.

कडूकाढा:
ओळख न पटवता? माझ्या वडिलांनी सहा महिने गुळवेलीचा काढा घेतला आणि कावीळ होऊन दवाखान्यात पडले. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी असेच ६ रुग्ण नोंदवले, तेव्हाही "दुसरी वेल असेल" हेच उत्तर आलं होतं.

नाडीपरीक्षा:
कारण दुसरी वेल असतेच! तिच्या खोडावर टेंगळं असतात, गुळवेलीची साल कागदासारखी सुटते. वीस वर्षं रोज हाताळतोय. शास्त्राला बदनाम करू नका.

कडूकाढा:
बदनामी? २०२२ मध्ये १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला, त्यात वेलीची ओळखही तपासली होती. वडिलांचे डोळे हळदीसारखे पिवळे झालेले मी पाहिलेत, तुम्ही नाही!

बाळहिरडा:
अहो, धागा हिरड्याचा आहे.

नाडीपरीक्षा:
कडूकाढा, आवाज चढवला, माफ करा. यकृताचा किंवा ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असा) आजार असलेल्याला मी स्वतःही गुळवेल देत नाही. पण सरसकट विष म्हणणं मान्य नाही.

घाटमाथा:
फळ आणि मूळ एका मापात मोजलं, ती माझी चूक. सरसकट बंदीचं मागे घेतो. पण फांदी तोडणाऱ्याला दंड हवाच, आणि दर झाडावर थोडी फळं पिकेपर्यंत ठेवायला हवीत.

बाळहिरडा:
फांदीचं खरं आहे. व्यापारी दारात उभा असला की घाई होते, आमच्यातलेच करतात. ग्रामसभेत मांडतो. पिकायला ठेवलेल्या फळाचा तोटा कोण भरून देणार, ते मात्र तुम्ही मांडा.

कडूकाढा:
नाडीपरीक्षा, मी विष म्हटलेलं नाही. वडिलांच्या डब्यावर गुळवेलीचं शास्त्रीय नाव छापलेलं होतं. आत तीच वेल आहे हे डबा भरताना कुणी तपासलं होतं, एवढंच सांगा.