निरीक्षण गृहाच्या गेटवर पोराला न्यायला कोण उभं असतं? (मंडळाच्या वर्गणीतून तालीम आणि अभ्यासिका चालवावी का)

पर्वतीपायथा:
परवा आमच्या मंडळाच्या मीटिंगमध्ये जोरदार वाद झाला, तो इथं मांडतोय, कारण हा काय एकट्या आमच्या वस्तीचा प्रश्न नाहीये. झालंय असं की दोन वर्षांपूर्वी आम्ही वर्गणीतला थोडा हिस्सा बाजूला काढून बंद पडलेली तालीम परत सुरू केली, आणि वरच्या पत्र्याच्या खोलीत संध्याकाळी सात ते दहा अभ्यासिका. आता काही जणांचं म्हणणं आहे की हे बंद करा, ज्या पोरांनी रात्री गाड्या फोडल्या त्यांनाच आपण दूध-अंडी खायला घालतोय.

पुण्यात २०२२ च्या शेवटापासून पेपरात रोज 'कोयता गँग' वाचतोय आपण. प्रत्यक्षात एक अशी कुठली गँग नाहीये, प्रत्येक वस्तीतली पाच-सहा पोरं, एक कोयता, एक मोबाईल आणि इन्स्टाची रील, बस. त्यानंतर कोंबिंग झालं, कोयते विकणाऱ्या दुकानांवर छापे पडले, फेब्रुवारी २०२४ ला आयुक्तालयात गुंडांची परेड झाली, पकडलेल्यांची त्यांच्याच भागात धिंड काढली. पोलिसांनी काहीच केलं नाही असं मी अजिबात म्हणत नाही. पण पोरगं सुटून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कुठं जाणार, हे कोण बघतं?

एक प्रसंग सांगतो. आमच्यातलं एक पोरगं, सोळा पूर्ण, मारामारीत सापडलं. बाल न्याय मंडळाने सोडायचा आदेश दिला त्या दिवशी मी त्याच्या आईबरोबर निरीक्षण गृहाच्या, म्हणजे पकडलेल्या अल्पवयीन पोरांना ठेवतात त्या जागेच्या, गेटवर होतो. बाई चार घरची धुणीभांडी करते, खाडा करून आलेली, हातात कापडी पिशवी, पिशवीत त्याचा धुतलेला घडीचा शर्ट आणि डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. रस्त्याच्या पलीकडं दोन गाड्यांवर चार जण उभे. वकिलाचे पैसे त्यांच्या भाईने दिलेले, हे आईलाही माहीत होतं, माझ्याही कानावर होतं. पोरगं बाहेर आलं, आईकडं बघितलं, मग त्यांच्याकडं बघितलं आणि गेलं त्यांच्या गाडीवर बसून. आम्ही दोघं पीएमटीने परत आलो, पिशवी तिच्या मांडीवर तशीच.

तो आज परत आत आहे.

दुसऱ्या पोराच्या वेळी आम्ही सहा जण टेम्पो घेऊन गेलो, तालमीतले वस्ताद पण होते. त्याला थेट घरी आणलं, आठ दिवस कोणी ना कोणी त्याच्याबरोबर होतं. त्याने यंदा १७ नंबरचा फॉर्म भरलाय, बाहेरून दहावी देतोय. दोन पोरांवरून सिद्धांत मांडत नाही मी. पण गेटवर आधी कोण पोचतं यावर पुढचं सगळं ठरतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि वर्गणीचा पैसा यासाठी खर्च झालाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

तीनचाकी:
दादा, तुमचं मन मोठं आहे, मान्य. आता माझं ऐका. रात्री एक वाजता खालून आवाज आला म्हणून गॅलरीत आलो तर चार पोरं रांगेतल्या गाड्या फोडत चाललेली, कोणाशी भांडण नाही की काही नाही, नुसती दहशत. माझ्या रिक्षाची पुढची काच गेली, हूड कोयत्याने फाडला, सीट पण. इन्शुरन्स थर्ड पार्टी, त्यात स्वतःच्या गाडीची फूट मिळत नाही, हे त्या दिवशी कळलं. नऊ हजार खिशातून गेले, चार दिवस धंदा बुडाला, हप्ता काही थांबला नाही. तक्रार द्यायला गेलो तर आधी दोन तास बसवलं, मग म्हणे पोरं अल्पवयीन आहेत, बघू.

माझं पण पोरगं सतरा वर्षांचं आहे. पहाटे पेपर टाकतं आणि मग आयटीआयला जातं. त्याला कोणी कधी अंडं दिलं नाही. वस्तीत त्याला शिकवण काय मिळतेय, की कोयता उचलला तर सहा जण टेम्पो घेऊन न्यायला येतात आणि सरळ वागला तर कोण विचारत पण नाही? मला सुधारणा नको असं नाही, पण आधी धाक पाहिजे. धाक नसेल तर तालीम म्हणजे त्याच पोरांचे दंड अजून मोठे करून देणं.

शिवणवाली:
दोघांचंही वाचलं आणि दोघांनाही विचारते, पोरं कोयता घ्यायच्या आधी दहा वर्षं घरात काय बघत असतात? मी वस्तीत शिवणाचे क्लास घेते, माझ्याकडं बायका येतात, ब्लाउजचं माप घेताना दंडावरचे वळ दिसतात. हे पोरगं पण बघतंच ना. त्याला सहाव्या वर्षापासून माहीत असतं की ज्याचा हात चालतो त्याचं घरात चालतं. मग तो नाक्यावर तेच करतो, त्यात नवल काय.

मुंबईत टाटा समाज विज्ञान संस्थेने पोलिसांबरोबर १९८४ मध्ये महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, पोलिसांच्याच आवारात, का तर बाई तिथपर्यंत आली तर तिचं ऐकून घेणारं माणूस तिथंच बसलेलं असावं. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, त्यात संरक्षण अधिकारी आहेत, पण वस्तीतल्या किती बायकांना ते कुठं बसतात हे माहीत आहे? तुमच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर तो नंबर लिहिलाय का? आणि अजून एक, तालीम पोरांची, अभ्यासिका रात्री दहापर्यंत म्हणजे तीही पोरांचीच, कारण मुली त्या गल्लीतून दहाला परत येणार कशा? वर्गणी तर आम्ही पण देतो.

अजून एक बोलते, राग आला तर येऊ दे. ज्या भाईने वकिलाचे पैसे दिले म्हणता त्याचा वाढदिवसाचा फ्लेक्स तुमच्याच मंडळाच्या कमानीवर पंधरा दिवस होता. खाली शुभेच्छुक म्हणून याच पोरांचे पासपोर्ट साईज फोटो. पोराने गेटवर गाडी निवडली ती त्या दिवशी नाही निवडली, ती कमानीखालून रोज शाळेत जाताना निवडली होती.

काळाकोट:
थोडं कायद्याचं, कारण 'अल्पवयीन आहे म्हणून सुटतो' हे अर्धंच खरं आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार सोळा ते अठरा वयाच्या मुलाने घृणास्पद गुन्हा केला, म्हणजे ज्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे असा, तर बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यांकन करून त्याला बाल न्यायालयात पाठवू शकतं आणि तिथं प्रौढासारखा खटला चालू शकतो. म्हणजे खुनात अडकलेला सतरा वर्षांचा मुलगा हमखास सुटेल असं नाही. तीनचाकी भाऊ, गाड्यांची तोडफोड त्या वर्गात बसत नाही, तुमची चीड मी समजू शकतो.

पण पर्वतीपायथा, तुम्ही गेटचं जे सांगितलं ते त्याच कायद्याच्या कलम १२ मध्ये जवळपास तसंच लिहिलेलं आहे. मुलाला साधारण जामीन द्यायचाच असतो, पण सुटल्यावर तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल असं मानायला सबळ कारण असेल तर मंडळ जामीन नाकारू शकतं. म्हणजे 'बाहेर कोण उभं आहे' हा प्रश्न कायद्यानेच विचारलाय. आता ते बाल न्याय मंडळाला कळणार कसं? परिविक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसर) सामाजिक तपासणी अहवालातून. आणि तो अहवाल बहुतेक वेळा आई काय सांगते त्यावर बनतो, आई घाबरलेली असते, ती भाईचं नाव घेत नाही. तुम्ही सहा जण टेम्पो घेऊन गेटवर गेलात त्यापेक्षा दोघं जण आधी परिविक्षा अधिकाऱ्याला भेटून आला असतात, तालीम आहे, अभ्यासिका आहे, आम्ही लक्ष ठेवू असं लेखी दिलं असतंत, तर त्याचा जास्त उपयोग झाला असता.

आणि भाईचा वकील घ्यायची गरजच नसते! जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलाला मोफत वकील मिळतो. हे एक वाक्य वस्तीतल्या प्रत्येक आईला पाठ करवा. भाईचं कर्ज इथूनच सुरू होतं, आणि ते पोरगं पैशात फेडत नाही.

वर्धारोड:
नागपूरचं सांगतो. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना बघितली आणि तिथून झोपडपट्टी फुटबॉल सुरू झालं. त्यातली पोरं पुढं होमलेस वर्ल्डकप, म्हणजे बेघरांच्या फुटबॉल वर्ल्डकपपर्यंत खेळली, काही स्वतः कोच झाली. तिथं यायला कोणी आधी गुन्हा करायला लागत नव्हता, मैदान सगळ्यांसाठी खुलं होतं. तीनचाकी भाऊंचा मुद्दा मला इथं पटतो, तालमीवर 'सुधारणाऱ्या पोरांची' असा शिक्का नको, आयटीआयवाल्या पोराला पण तिथं तेवढीच जागा पाहिजे.

क्लाईडकाठ:
मूळचा साताऱ्याचा, सध्या ग्लासगोत. हे शहर एके काळी चाकूहल्ल्यांसाठी युरोपभर बदनाम होतं. २००५ मध्ये इथल्या पोलिसांनीच एक वेगळा विभाग काढला आणि हिंसा ही साथीच्या रोगासारखी आहे, तिचा प्रसार तोडायचा, अशी भूमिका घेतली. २००८ नंतर टोळ्यांतल्या पोरांना कोर्टाच्या खोलीत बोलवायचे, तिथं पोलीस अधिकारी, जखमा शिवणारा सर्जन आणि मुलगा गमावलेली आई समोर उभे राहून बोलायचे, आणि शेवटी पोरांना एक फोन नंबर मिळायचा: सोडायचं असेल तर फोन कर, शिक्षण, नोकरी, व्यसन, जे असेल त्याला मदत करू. २०१५ पासून तर हॉस्पिटलच्या इमर्जन्सी वॉर्डातच माणसं असतात, पोरगं टाके घालून पडलेलं असतानाच त्याच्याशी बोलतात.

पण इथं लोक अर्धीच गोष्ट सांगतात म्हणून लिहितोय. त्याच खोलीत पोलीस हेही सांगायचे की पुढच्या वेळी एकाने हल्ला केला तर अख्ख्या टोळीच्या मागे लागू. आणि चाकू बाळगण्याची कमाल शिक्षा २००६ मध्ये दोन वर्षांवरून चारवर नेली. म्हणजे तीनचाकींचा धाक आणि पर्वतीपायथांचा टेम्पो, दोन्ही एकाच टेबलावर होते.

जुना_कार्यकर्ता:
ग्लासगो कशाला, भिवंडी घ्या. १९७० आणि १९८४ च्या दंगलीत होरपळलेलं गाव. सुरेश खोपडे तिथं पोलीस उपायुक्त असताना त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, दोन्ही समाजांतले साधे लोक, हातमागवाले-यंत्रमागवाले, नियमित एकत्र बसायचे, आणि १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. मी चाळीस वर्षं सार्वजनिक कामात आहे, मला यातून एकच दिसतं, पोलिसांनी त्या कमिट्यांना मान दिला म्हणून त्या चालल्या. साहेब बदलले की नवे साहेब मीटिंगलाच येत नाहीत आणि मग कमिटीत उरतात ते फक्त मिरवणारे. २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम आली तेव्हाही हेच, काही गावांत खरंच वाद मिटले, काही ठिकाणी बक्षिसासाठी कागद रंगले.

म्हणून मी मंडळाच्या पैशाने हे चालवायच्या विरोधात आहे. पुढच्या वर्षी कार्यकारिणी बदलली की तालमीला कुलूप लागेल आणि पोरं त्या दिवशी जास्त चिडतील. हे महापालिकेचं काम आहे, त्यांच्या कितीतरी शाळा सातवी-आठवीला संपतात आणि पोरगं नववीत लांबच्या शाळेत जाऊन गळतं. सोळाव्या वर्षी तालमीत आणण्यापेक्षा चौदाव्या वर्षी ते शाळेतून सुटू नये याच्यासाठी भांडा.

पर्वतीपायथा:
काका, महापालिकेशी भांडू, नक्की भांडू, पण ते होईपर्यंत सात ते दहा ही पोरं नाक्यावर उभी असणार. आई कामावर, बाप असला तर असला, दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं, पोरगं बसणार कुठं? तेवढ्या तीन तासांसाठी तरी मला ती पत्र्याची खोली उघडी पाहिजे.

काळाकोट, मोफत वकिलाचं आणि परिविक्षा अधिकाऱ्याचं आम्हाला खरंच माहीत नव्हतं. त्या पहिल्या पोराच्या वेळी कळलं असतं तर, असं आता सारखं डोक्यात येतंय.

ताई, फ्लेक्सचं तुम्ही म्हणालात ते खरं आहे. मी त्या वेळी खजिनदार होतो. कमान त्यांनी पाच दिवसांच्या लायटिंगचा खर्च दिला म्हणून दिली, मी सही केली. रविवारच्या मीटिंगमध्ये ठराव मांडतोय, कमानीवर कोणाचाच वाढदिवस लागणार नाही, लायटिंग कमी झाली तरी चालेल. आणि अभ्यासिका दुपारी तीन ते सहा मुलींसाठी उघडायची. तुमच्या क्लासच्या बायकांना पण घेऊन या, हा ठराव नुसत्या आमच्या हातवर करण्याने पास होणार नाही, पलीकडचे लोक पण बसलेले असतात तिथं.

शिवणवाली:
बारा जणी तरी येतो. संरक्षण अधिकाऱ्यांचा नंबर मी शोधून आणते, तुम्ही रंग आणि ब्रश आणा.

तीनचाकी:
ताई, मी असतो तर त्या फ्लेक्सबद्दल बोललो नसतो. रात्री रिक्षा तिथंच लावायची असते मला.

दादा, मी अजून तुमच्या बाजूने नाही. त्या चौघांपैकी एक तुमच्या तालमीत येतो, मी त्याला ओळखतो, त्याला पण माहीत आहे की मी ओळखतो. रोज समोरून जातो, मान खाली घालतो. मला त्याची माफी नको आणि त्याची मारहाण पण नको. त्याने माझ्यासमोर बसून ऐकावं की त्या चार दिवसांत माझ्या घरात काय झालं, आणि मग महिन्याला पाचशे का होईना, काचेचे पैसे स्वतः कमवून द्यावेत. वस्ताद हे घडवून आणणार असतील तर मी पुढच्या वर्षी वर्गणी डबल देईन आणि माझ्या पोराला पण तालमीत घालीन.

रविवारी किती वाजता आहे मीटिंग?

पर्वतीपायथा:
संध्याकाळी सहा. बिल घेऊन या. त्याला मी आणतो.