यूएसपीएसए मॅचला उतरायचंय, सुरुवात कुठून करू? (डॅलस)

रंकाळा_ते_डॅलस
नमस्कार मंडळी. मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या डॅलसजवळ, नोकरी एच-वन-बी वर, ग्रीन कार्डची रांग किती लांब ते तुम्हाला सांगायला नको. एनसीसीत पॉइंट टू टू रायफल चालवली होती आणि आमच्याकडे राही सरनोबत, तेजस्विनी सावंत ही नावं लहानपणापासून कानावर, त्यामुळे नेमबाजीचं वेड जुनंच. परवा ऑफिसमधल्या मित्राबरोबर त्याच्या क्लबची यूएसपीएसए (अमेरिकेतली पळत पळत पिस्तूल नेमबाजीच्या खेळाची संघटना) मॅच बघायला गेलो. जाळीच्या भिंती, खिडक्या, एक दार उभं केलेलं, बझर वाजला की माणूस पळतोय, पळता पळता मॅगझिन बदलतोय, प्रत्येक पुठ्ठ्यावर दोन गोळ्या आणि लगेच पुढे. मला एका जागी उभं राहून श्वास धरून मारायचं एवढंच माहीत, हे बघून झोपच उडाली. आता मित्र म्हणतो पुढच्या महिन्यात माझं ग्लॉक पिस्तूल घे आणि उतर. तर पिस्तूल कुठलं घेऊ, बाकी सामान काय लागतं, आणि आधी क्लास करू का थेट मॅच?

गल्फकोस्टवाला
दादा, पिस्तुलाचं नंतर बघू, आधी व्हिसाचं बघा. एच-वन-बी म्हणजे नॉनइमिग्रंट, आणि इथल्या फेडरल कायद्यात नॉनइमिग्रंट व्हिसावाल्याला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायलाच मनाई आहे. विकत घेणं सोडा, मित्राचं ग्लॉक हातात घेतलं तरी ते त्यातच येतं, भाड्याचं रेंजवर घेतलं तरी तेच. अपवाद आहेत, त्यातला आपल्या लोकांना उपयोगी पडणारा म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन. टेक्सासचं ऑनलाइन निघतं, पण ते दरवर्षी संपतं, आणि संपलं की तुमची सूटही संपली, तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. लायसनची प्रत बॅगेत कायम. आणि एकदा वकिलाशी बोलून घ्या, दीड-दोनशे डॉलर जातील पण इतक्या वर्षांची रांग एका शनिवारच्या हौसेपायी पणाला लावू नका, मी हे कळकळीने सांगतोय कारण आपली बरीच मुलं "मित्राचीच तर आहे" म्हणून बिनधास्त रेंजवर जातात.

ओहायोची_मावशी
वरच्यांनी व्हिसाचं सांगितलं ते अगदी बरोबर, ते आधी उरका. आता मॅचचं सांगते. माझ्या मते पहिल्या मॅचला नवीन काहीही विकत घेऊ नका. नाइन एमएमचं साधं पिस्तूल, ट्रिगर झाकणारं कडक होल्स्टर, जाड पट्टा, चार-पाच मॅगझिन आणि त्यांचे पाउच, डोळ्याला चष्मा, कानाला मफ, दोनशेच्या आसपास गोळ्या, झालं. कॅरी ऑप्टिक्स गटात (पिस्तुलावर डॉट साइट) उतरायचं का प्रॉडक्शन गटात (साधी साइट) हे चार मॅच मारल्यावर आपोआप कळतं. नाव प्रॅक्टिस्कोर या मॅच नोंदणीच्या साइटवर नोंदवा आणि नवीन आहे असं आधीच कळवा, तुम्हाला अनुभवी लोकांच्या स्क्वॉडमध्ये टाकतील.

रेंज कोल्ड असते. म्हणजे गाडीतून उतरलात की पिस्तूल बॅगेतच, ते बाहेर काढून होल्स्टरला लावायचं तर सेफ एरियात जायचं, आणि तिथे गोळीला हात लावायचा नाही, डमी गोळीलासुद्धा नाही. तुमचा नंबर आला की रेंज ऑफिसर "मेक रेडी" म्हणेल, तेव्हाच मॅगझिन चढवायचं, त्याआधी कध्धीच नाही. मग "आर यू रेडी", "स्टँडबाय", आणि बझर. शेवटी तो म्हणतो रिकामं करून दाखव, तेव्हा घाई करू नका, मॅगझिन काढा, स्लाइड ओढा, चेंबर त्याला नीट दिसू द्या.

नवीन माणूस घरी जातो तो बहुतेक वेळा 180 मुळे. पुढे तोंड करून उभं राहिलात की दोन्ही बाजूंना हात पसरल्यावर जी रेषा होते ना, नळी त्या रेषेच्या मागे गेली की मॅच संपली, त्यावर वाद नाही. उजव्या हाताचा माणूस डावीकडे पळताना मॅगझिन बदलायला लागला की नळी हमखास मागे वळते, म्हणून पहिल्या मॅचला मॅगझिन उभं राहूनच बदला, आणि गोळी मारत नसाल तेव्हा बोट ट्रिगरबाहेर, स्लाइडला टेकलेलं. सगळ्यांत शेवटचे आलात तरी चालेल, सेफ राहिलात तर लोक स्वतःहून शिकवायला येतात. आणि हो, आपला नंबर नसेल तेव्हा पुठ्ठ्यांवरच्या भोकांना टेप लावायला जा, फोन बघत बसू नका.

हिट_फॅक्टर
मावशी छान लिहिलंत. मी स्कोरिंग सांगतो कारण त्यावरच किती जोरात पळायचं ते ठरतं. नाइन एमएमने म्हणजे मायनरने (कमी ताकदीच्या गोळीचा वर्ग) पुठ्ठ्याच्या मधल्या ए झोनला 5, त्याबाहेरच्या सी ला 3, डी ला 1, मिस झाली तर उणे 10. एकूण गुण भागिले वेळ म्हणजे हिट फॅक्टर. समजा 140 गुण 20 सेकंदांत, फॅक्टर 7. दुसऱ्याने 120 गुण 15 सेकंदांत केले, फॅक्टर 8, तो पुढे! पण त्याच्याकडून त्या धावपळीत एक मिस झाली तर ए चे 5 गेले वर 10 कापले, म्हणजे 120 चे 105 आणि फॅक्टर परत 7. म्हणून नुसता वेग नाही, नुसता नेमही नाही. आयपीएससी या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1976 मध्ये हा खेळ बांधला तेव्हापासून नेम, ताकद, वेग या तिन्हींचा तोल हाच त्याचा जीव आहे आणि मला तो त्यासाठीच आवडतो.

क्लासचं म्हणाल तर, बजेट कमी असेल तर स्टील चॅलेंज बघा. पाच लोखंडी प्लेट, बझर ते शेवटची प्लेट एवढा वेळ, बहुतेक स्टेजला पाच वेळा मारायचं आणि सगळ्यांत वाईट वेळ सोडून द्यायची. पॉइंट टू टू चालतं, त्याला होल्स्टरसुद्धा लागत नाही, पिस्तूल खाली धरूनच सुरुवात, आणि पळापळ जवळजवळ नाहीच. एनसीसीवाल्याला हे एकदम जमेल. घरी रोज दहा मिनिटं ड्राय फायर (रिकाम्या पिस्तुलाने सराव) करा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, भिंतीवर छोटा ठिपका, ट्रिगर दाबताना साइट हलली का एवढंच बघायचं.

कोथरूडकर_०७
मी पुण्यात सेकंड इयरला आहे, हे आपल्याकडे कुठे करता येईल का?

हिट_फॅक्टर
भाऊ, नाइन एमएम आपल्याकडे सामान्य माणसासाठी प्रोहिबिटेड बोअर (बंदी असलेला गोळीचा आकार) आहे, त्यामुळे या स्वरूपात अवघडच. पण निराश होऊ नकोस. बालेवाडीला जा, 10 मीटर एअर पिस्तूलने सुरू कर, पॉइंट वन सेव्हन सेव्हनचं असतं, 20 जूलच्या आतलं असेल तर शस्त्र परवाना लागत नाही. ट्रिगर पक्का झाला की 25 मीटर. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये पाच टार्गेट, पाच गोळ्या, आधी 8 सेकंद, मग 6, मग 4, विजय कुमारने 2012 ला लंडनमध्ये त्यातच रौप्य काढलं. राहीचा 25 मीटरचा रॅपिड भाग बघ, हात खाली, हिरवा दिवा लागला की 3 सेकंदांत उचलून एक गोळी. त्या 3 सेकंदांत जे जमतं ते आमच्या खेळात थेट उपयोगी पडतं.

रंकाळा_ते_डॅलस
सगळ्यांचे मनापासून आभार. मित्राला आत्ताच सांगितलं की ग्लॉकला हात लावणार नाही, लायसन निघून वकिलाशी बोलणं होईपर्यंत फक्त टेप लावायला येणार. मावशी, डावखुऱ्या माणसाचं 180 उलटं का? म्हणजे मी उजवीकडे पळताना जपायचं?

ओहायोची_मावशी
हो, बरोबर ओळखलंत. डावखुऱ्याला उजवीकडे पळताना धोका. पहिल्या मॅचला रेंज ऑफिसरला डावखुरा आहे असं आधीच सांगा, म्हणजे तो कुठल्या बाजूला उभं राहायचं ते ठरवेल.