समुद्रातली दीपगृहं आणि शेजारची बेटं : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरीचंही नाव जागतिक वारसा यादीत गेलं आणि तेव्हापासून "एकदा जाऊन येऊ या" म्हणणारे वाढलेत. खरोखर जाऊन आलेले मात्र गप्प आहेत. खांदेरी-उंदेरी, वेंगुर्ला रॉक्स, प्रॉन्ग्स किंवा दीपगृह असलेलं दुसरं कुठलंही बेट, गेला असाल तर लिहा. इतिहास थोडक्यात चालेल. बोट कुठून मिळाली, उतरता आलं का, पाहिलं काय, हे मात्र सविस्तर येऊ द्या.

*

माझं सासर अलिबागजवळच्या थळचं, खांदेरी आमच्या समोरच, तेव्हा सुरुवात मी करते. लोक आम्हाला विचारतात, "खांदेरीची बोट कितीला सुटते?" तिथे एसटीसारखं वेळापत्रक नाही. ओहोटीला थळचं पाणी इतकं मागे जातं की होड्या वाळूत कलंडलेल्या दिसतात. पाणी चढलं की निघायचं. आमचे मामंजी कॅलेंडरवर तिथी बघून वेळ सांगायचे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला आणि सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, बाराच्या सुमारास. पाच-दहा मिनिटांचा हिशेब यात बसत नाही, पण घरातून डबा भरून निघायला पुरतो.

बेटावर दोन टेकड्या आहेत, मधल्या सखल भागात धक्का. उतरल्यावर आधी वेताळाचं देऊळ. आत मूर्ती नाही, पांढरी रंगवलेली भलीमोठी शिळा आहे. आमच्याकडचे कोळी नारळ दिल्याशिवाय पुढे जात नाहीत. मग तटावरच्या तोफा बघा, विशेषतः लोखंडी गाड्यावर चाकांसकट उभ्या असलेल्या. चाकंसुद्धा शाबूत असलेल्या तोफा मी तरी दुसऱ्या किल्ल्यावर पाहिल्या नाहीत. आणि तो वाजणारा दगड! लहान खड्याने ठोकला की पितळी भांड्यासारखा खणकन आवाज येतो. माझ्या पुतण्याने तो इतका वाजवला की शेवटी त्याला हाताला धरून ओढत न्यावं लागलं.

दीपगृह १८६७ चं, अष्टकोनी. वर गेलात की महाराजांनी १६७९ मध्ये हेच बेट का धरलं ते कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही. उत्तरेला मुंबई बंदराचं तोंड, समोर थळ, मध्ये उंदेरी, दक्षिणेला अलिबागचा कुलाबा किल्ला. मुंबईत ये-जा करणारं प्रत्येक गलबत नजरेच्या टप्प्यात! इंग्रजांनी वाट अडवून बघितली, पण महाराजांच्या आरमाराचे सरदार मायनाक भंडारी यांच्या माणसांनी रात्री छोट्या होड्यांतून सामान नेत काम चालू ठेवलं. मोठी जहाजं वारा पडला की जागच्या जागी, आणि होड्या वल्ह्यांवर उथळ पाण्यातून पसार.

*

ताई, उंदेरीचं काय? वडील सत्तरीचे आहेत, दोन्ही बेटं एका दिवसात होतील का?

*

ताईंच्या आधी मीच सांगतो. खांदेरीला त्यांना न्या, उंदेरी होडीतूनच दाखवा. उंदेरीला धक्का नाही. भरतीला होडी खडकाला लावतात आणि लाट वर आली की उडी मारायची. खडकावर कालवं आहेत, पाय घसरून हात टेकला तर तळवा सोलून निघतो. मी गुडघ्याला पट्टा बांधून उतरलो होतो. आत तट आणि पाण्याची टाकी आहेत, बाकी रान माजलंय. जानेवारी १६८० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने हे बेट घेतलं ते खांदेरीच्या उरावर बसायला. तो किती जवळ बसला होता, हे होडीतूनही नीट कळतं.

*

माझे बाबा दीपगृह खात्यात होते. कुठल्या बेटावर ते लिहीत नाही, बदल्या होत राहायच्या. आम्ही मुलं किनाऱ्यावरच्या क्वार्टरमध्ये आणि ते तिकडे. पावसाळ्याच्या तोंडावर आई कांदे, बटाटे, डाळी, काडेपेट्या असं बांधून द्यायची. काडेपेट्या नेहमी दोन डब्यांत वेगवेगळ्या, एक भिजला तर दुसरा असावा म्हणून. जून लागला की होडी कधी येईल याचा नेम नसे. संध्याकाळी तिकडे उजेड फिरायला लागला की आई "लागला" एवढंच म्हणायची आणि कुकर चढवायची.

मला एकदाच वर जायला मिळालं. सगळ्यांना वाटतं आत प्रचंड मोठा दिवा असेल. दिवा लहानच असतो, मोठं असतं ते भिंग. काचेच्या लोलकांच्या कड्या एकावर एक रचलेल्या, आतला उजेड गोळा करून एका पट्ट्यात लांब फेकणाऱ्या. एवढं जड धूड पाऱ्याच्या गोल कुंडात तरंगत ठेवलेलं होतं. बाबांनी माझं बोट धरून हलकेच टेकवलं, तर ते सरकलं! पूर्वी वीज नसताना मनोऱ्याच्या मधल्या पोकळीत वजन सोडलेलं असायचं, ते खाली उतरताना भिंग फिरायचं आणि ठरावीक वेळाने हाताने गुंडाळून पुन्हा वर घ्यावं लागायचं. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी. किती सेकंदांनी किती झोत, यावरून खलाशाला आपण कुठे आहोत ते ओळखता येतं.

सकाळी दिवा मालवला की बाबांचं पहिलं काम पडदे ओढणं. दिवसा ऊन त्याच भिंगातून आत आलं तर एका जागी गोळा होऊन आग लागू शकते. तुम्ही दुपारी गेलात आणि पडदे बंद दिसले तर "फोटोपुरते उघडा ना" म्हणून तिथल्या माणसाच्या मागे लागू नका, प्लीज.

*

प्रॉन्ग्सबद्दल लिहितो. मुंबईतल्या कुलाब्याच्या टोकाला खडकांच्या रांगेवर १८७५ मध्ये थॉमस ऑर्मिस्टनने बांधलेलं दीपगृह. लाल, पांढरे, काळे पट्टे. ओहोटीला खडकांवरून चालत जाता येतं, पण वाट नौदलाच्या हद्दीतून आहे आणि परवानगी लागते. माझा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला आणि मी तो नाद सोडला. मांडव्याच्या बोटीतून उजवीकडे लांबवर दिसतं, सध्या त्यावर समाधान.

*

आम्ही वेंगुर्ला रॉक्सला गेलो ते पक्ष्यांसाठी. नाव वेंगुर्ल्याचं असलं तरी निवतीहून जाणं सोयीचं. बेट म्हणजे काळे, उभे खडक आणि वर दीपगृह. पाणी शांत दिसत होतं, तरी जवळ गेल्यावर तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, म्हणाला, "आज उतराक गावचा नाय." आमच्यातल्या एकाने जास्त पैसे देऊ केले. तांडेलाने होडी अंमळ पुढे नेऊन नुसतं दाखवलं. खडकाला लागलेलं पाणी बघता बघता पुरुषभर वर चढत होतं आणि तितकंच खाली जात होतं. पैशांचा विषय तिथेच संपला.

मग बेटाला फेरी मारली. गुहांच्या तोंडाशी पाकोळ्यांचे थवे. या पाकोळ्या अंधारात वटवाघळासारख्या आवाजाच्या आधाराने उडतात. इंजिन बंद केल्यावर टिक-टिक, टिक-टिक असा बारीक आवाज येत होता, कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखा. घरटी लाळेची, कड्याला चिकटवलेली. परदेशात त्यांचं सूप करतात म्हणून इथून घरट्यांची चोरी व्हायची. त्यामुळे मला तर वाटतं, गुहांत कुणालाच उतरू देऊ नये, आमच्यासारख्या हौशींनाही. वर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड घिरट्या घालत होता. परतताना निवतीच्या अलीकडे डॉल्फिन दिसले, उरलेला वेळ तिथल्या किल्ल्यावर काढला.

*

लहान मुलं बरोबर असतील तर सरळ मालवण गाठा. सिंधुदुर्गावर दीपगृह नाही, पण बोट जवळची आणि उतरायला सोपी. शिवराजेश्वराचं देऊळ, महाराजांच्या हाता-पायाचे ठसे, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी. पावसाळ्यात बोटी बंद.

*

वर ताईंनी पाऊणपटीचा हिशेब दिलाय, त्यात एक भर. सुकती दुपारी बाराला येते म्हणून अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला चालत जायला अष्टमी निवडू नका. अष्टमीला भांग असते, पाणी ना धड चढत ना धड उतरत. अलिबागच्या किनाऱ्यावर घड्याळ बघत उभे राहाल आणि मधली पट्टी उघडी पडणारच नाही. तृतीया-चतुर्थी धरा. उधाणाचा जोर असतो म्हणून पाणी भरपूर मागे जातं आणि सुकती येते सकाळी साडेआठ-नऊच्या आसपास. त्याआधी तासभर निघालात तर गणपतीचं दर्शन, गोड्या पाण्याचं तळं आणि उत्तरेकडच्या तोफा आरामात बघून कोरड्या वाळूवरून परत. पाणी पायाशी आलंच तर घोडागाड्या असतात, भाडं बसायच्या आधी ठरवा.