कॉलेजच्या दिवशी पाया झाकला गेला, माप राहिलं. आता काय करू?

चोपडेकर_सिव्हिल

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातली. सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यावर नोकरी करत पदवी करतेय. सोमवार ते गुरुवार जळगावजवळ एका वसतिगृहाच्या बांधकामावर ठेकेदाराकडे क्वांटिटी आणि बिलिंगला शिकाऊ म्हणून, शुक्रवार-शनिवार कॉलेज. आठ महिने झाले. घरून पहाटेची एसटी धरते, पण काम मला मनापासून आवडतं. सळईचं वेळापत्रक, मोजमापाचे तक्ते, आरए बिलाचा (चालू कामाच्या हप्त्याच्या बिलाचा) मसुदा, हे सगळं आता हाताला आलंय.

झालं असं की नकाशात फूटिंगचा (कॉलमखालच्या काँक्रीटच्या पायाचा) खड्डा जमिनीपासून १.८० मीटर दाखवलाय. काळी माती. गुरुवारी संध्याकाळी मी निघून गेल्यावर स्ट्रक्चरल सल्लागार आले, १.८० ला अजून काळीच दिसतेय म्हणाले, मुरूम लागेपर्यंत खाली जा. सगळं तोंडी. शुक्रवार-शनिवारी जेसीबी लावून १४ खड्डे २.४० पर्यंत नेले आणि पीसीसी (तळाचा साधा, बिनसळईचा काँक्रीट थर) ओतूनही टाकलं. सोमवारी मी खड्ड्यात न उतरता नकाशावरून १.८० लिहिलं. ही माझी चूक, मान्य आहे. बुधवारी फिटर म्हणाला, ताई, कॉलमचे बार दोन फूट कमी पडले, तेव्हा मला कळलं.

आता फूटिंग झाले, कॉलम वर आले, भराव सुरू होतोय. मालकाच्या बाजूचे इंजिनिअर म्हणतात, जॉइंट माप (दोन्ही बाजूंनी मिळून घेतलेलं) नाही, तर पैसे १.८० चेच. साइटवरचे आमचे सर म्हणाले, कॉलेज की काम, एक काहीतरी ठरव. मुकादमदादांना विचारलं, माझ्यासाठी एक दिवस का थांबला नाहीत, तर म्हणाले, "खड्डा काय पयी जाई ऱ्हायना का, ताई?"

हे माप आता परत मिळू शकतं का? आणि पदवी होईपर्यंत हे काम सोडून द्यावं का? घरी वडिलांना अजून काही सांगितलेलं नाही.

अमळनेर_७७

ताई, माझं ऐकशील तर काम सोड, पदवी नीट कर आणि बांधकाम खात्याच्या कनिष्ठ अभियंता परीक्षेला बस. माझ्या भाच्यानं दोन वर्षं साइट केली, ना अभ्यास झाला ना साइटवर पगार वाढला. ठेकेदाराला शिकाऊ पोरं स्वस्तात हवी असतात. मापाचं मला फारसं कळत नाही, त्यावर जाणकार बोलतील.

दोंडाईचा_बिलिंग

बेटा, आधी माप. कामाचं नंतर बोलू, कारण भराव पडला की माप गेलं.

पहिला प्रश्न: जेसीबी लागण्याआधी मूळ जमिनीच्या लेव्हल (उंचीच्या नोंदी) दोघांनी मिळून घेतल्या होत्या का? त्या पानावर दोन्ही सह्या असतील तर तुझं अर्धं काम झालंय. खोली म्हणजे दोन आकड्यांची वजाबाकी. वरचा आकडा कागदावर असेल, तर खालचा आजही जमिनीत जागेवर आहे. मुकादमाचं बोलणं तेवढ्यापुरतं खरंच आहे, खड्डा पळालेला नाही.

मालकाच्या इंजिनिअरला आजच लेखी पत्र द्या. दोन फूटिंग त्यांनीच निवडावेत, तुम्ही निवडलेत तर उद्या पुन्हा शंका निघेल. त्या फूटिंगच्या एका बाजूनं माती काढून पीसीसीची खालची कड उघडी करा. काळ्या मातीत आठ फुटांचा उभा खड्डा कधीही ढासळतो, म्हणून बाजू उतरत्या घ्या, पायऱ्या ठेवा, एकट्यानं कुणी उतरू नका आणि पीसीसीच्या खाली कुदळ जाऊ देऊ नका. मग लेव्हल मशीन लावा. समज, मूळ जमिनीवर स्टाफचं (मापाच्या उभ्या पट्टीचं) रीडिंग १.३१० आलं आणि पीसीसीच्या बुडाला ३.७१०. फरक २.४००. मूळ जमीन आता मोकळी उरली नसेल तर बेंचमार्कवर (ठरलेल्या उंचीच्या पक्क्या खुणेवर) स्टाफ धर आणि जुन्या पानावरच्या लेव्हलशी जोडून घे. रीडिंग तू घे, तुझ्या समोर त्यांनाही घेऊ दे, आणि तिथेच वहीत दोघांच्या सह्या. ऑफिसात जाऊन टाईप करू, असं अजिबात नको.

आता हिशेब. खड्डा २.१० बाय २.१० चा धरला तर ६० सेंटीमीटर जास्तीचे २.६४६ घनमीटर. १४ खड्ड्यांचे ३७.०४, म्हणजे २.८३ नं भागून साधारण १३ ब्रास. पण एवढ्यावर थांबू नको. दीड मीटरच्या पुढची खोदाई वेगळ्या लिफ्टमध्ये, म्हणजे खोलीच्या वेगळ्या टप्प्यात, मोजायची असते. नकाशाप्रमाणे त्या टप्प्यात ३० सेंटीमीटर होतं, प्रत्यक्षात ९० झालं. तुमच्या करारात त्याला वेगळा दर आहे का, ते बघ. तळाशी मुरूम लागला असेल तर त्याचा दर मातीपेक्षा वेगळा असतो, तोही थर किती जाडीचा आहे ते उघड्या बाजूवर मोजून ठेव. भराव वाढला. कॉलम लांबले. ८ सळ्या १६ मिलिमीटरच्या असतील तर व्यासाचा वर्ग भागिले १६२, मीटरला १.५८ किलो. वाढलेल्या ६० सेंटीमीटरला एका कॉलममागे ७.५८ किलो, चौदाचे १०६ किलो, रिंगा वेगळ्या.

फिटरनं बार कमी पडले म्हटल्यावर तू सळईचं वेळापत्रक बदललं असशील ना? त्यावरची तारीख बघ. ती सळई त्यांनी तपासून मंजूर केली असेल, तर कॉलम २.४० वरून उठलाय हे त्यांच्याच सहीनं सिद्ध होतं.

मी हे इतक्या तळमळीनं का सांगतोय, तर २००९ मध्ये नंदुरबारकडे एका रस्त्याच्या कामावर माझ्याकडून मूळ लेव्हलच राहिल्या होत्या. खोलगट भागात मुरूम भरायचा होता. मला वाटलं, डंपर मोजतोच आहोत. २२५ डंपरच्या पावत्या मी फाईलला नंबर घालून लावल्या होत्या. साहेबांनी शांतपणे सांगितलं, भराव दाबून बसल्यावर मोजतात, डंपरमधला सैल माल नाही, आणि खाली जमीन कुठे होती ते तुम्ही दाखवू शकत नाही. त्यांचं बरोबर होतं. सैल मुरूम दाबल्यावर बसतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण मूळ जमीन कुठे होती हे ठरवायला त्या खोलगटात पावसाचं पाणी कुठपर्यंत साचायचं हे शेजारच्या शेतकऱ्याला विचारत फिरलो, तेव्हा ते खरं कळलं. तीन महिने बिल अडकलं. मालकानं मला काढलं नाही, पण त्या तीन महिन्यांत मजुरांचे आठवड्याचे पैसे थकले आणि शहाद्याकडची दोन कुटुंबं काम सोडून गेली. त्यांची पोरं साइटवर खेळायची. आपण लिहिलेल्या आकड्यावर किती घरांचं राशन अवलंबून असतं, हे मी तेव्हा पाहिलं.

म्हणून काम सोडू नको. जे झाकलं जाणार तेच आधी मोजायचं: खड्ड्याचा तळ, पीसीसी, फूटिंगची सळई, स्लॅबखालची सळई, भिंतीतले पाइप. प्लास्टर काय, पुढच्या महिन्यातही मोजता येतं. तिथे आयएस १२०० चा (बांधकाम मोजायच्या भारतीय मानकाचा) नियमही स्पष्ट आहे, अर्धा चौरस मीटरपर्यंतचं दार-खिडकीचं उघडं वजा करायचं नाही, त्याच्या पुढे तीनपर्यंत एकाच बाजूनं. ते तू निवांत करशील. गुरुवारी दुपारी चारला मुकादमाजवळ बस आणि एकच विचार: शुक्रवार-शनिवारी काय झाकलं जाणार? त्याची यादी सरांना आणि मालकाच्या इंजिनिअरला दोघांनाही पाठव.

सरांनी एकट्या तुझ्यावर ढकललं, हे मात्र मला पटलं नाही. १९६१ च्या शिकाऊ कायद्यात अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. तुझं शिकाऊपण त्याखाली नोंदलेलं असो वा नसो, दोन दिवस कुणाला तरी तिथे उभं करायची जबाबदारी त्यांची होती. सल्लागारांचा तोंडी आदेशही त्यांनीच त्या रात्री लेखी मागायला हवा होता. आजही मागा.

साक्रीकर_परदेशी

दादांनी मापाचं सगळं सांगितलंय. मी सध्या इंग्लंडमध्ये याच कामात आहे, म्हणून इथलं थोडं लिहिते. इथे क्वांटिटी सर्व्हेइंगला पदवी आणि नोकरी मिळून एकच रचना असते. माझ्या हाताखाली अशी दोन मुलं आहेत, आठवड्यात चार दिवस आमच्याकडे, एक दिवस विद्यापीठात. तो एक दिवस पगारी कामाच्या वेळेतच धरलेला असतो आणि विद्यापीठाची फी मुलांना भरावी लागत नाही. केलेल्या कामाची नोंद ती स्वतः लिहितात आणि पुढे चार्टर्ड सर्व्हेअरच्या मूल्यमापनाला तीच उपयोगी पडते.

तुझ्या कामावर ती व्यवस्था नाही, पण एक गोष्ट तू आजही करू शकतेस. कॉलेजचे दिवस आणि त्या दिवशी मापाला कोण उभं राहील त्याचं नाव, सरांकडून कागदावर घे. दुसरं, रोज रात्री दहा मिनिटं वही लिही: आज काय मोजलं, कुणाच्या सोबत, कशावर मतभेद झाला. मी धुळ्यात कामाला होते तेव्हा एसटीत बसून लिहायचे. त्यातली काही पानं मी अजून जपून ठेवलीत.

वडिलांना सांग गं. त्यांना बाहेरून कळलं तर जास्त लागेल.

चोपडेकर_सिव्हिल

सगळ्यांचे मनापासून आभार. अमळनेरच्या काका, परीक्षेचा अर्ज भरणारच आहे, पण काम सोडत नाही.

दोंडाईच्याच्या दादा, मूळ जमिनीच्या लेव्हलचं पान सापडलं. पाच-पाच मीटरवर घेतलेल्या, दोन्ही सह्या आहेत. मी येण्याच्या आधीच्या मुलानं घेतल्या होत्या, अक्षर इतकं स्वच्छ की बघतच राहिले. पत्र दिलं. त्यांच्या इंजिनिअरनी बी-३ आणि डी-५ निवडले. मंगळवारी सकाळी सातला उतरत्या बाजूनं खोदलं, नऊच्या आत मोकळं झालं, नाहीतर या उन्हात त्या खड्ड्यात श्वास घेता येत नाही. तळाला पिवळसर मुरूम, आणि त्याच्यावर काळ्या मातीची रेघ सुरीनं कापल्यासारखी सरळ. बी-३ ला २.३८५, डी-५ ला २.४२०. त्यांनीही स्वतः मशीनमधून पाहिलं आणि काही न बोलता वहीवर सही केली.

९ खड्डे त्यांनी मान्य केलेत, कारण त्या कॉलमच्या बदललेल्या सळईवर त्यांची तारखेसकट सही निघाली. म्हणजे २३.८१ घनमीटर. कुंपणाकडच्या ५ खड्ड्यांची सळई जुन्याच वेळापत्रकावर मंजूर दिसतेय आणि तिथे भराव पडलाय, ते अजून वादात आहेत. सल्लागारांचं लेखी पत्र येतं म्हणालेत, आलं की इथे कळवते. लिफ्टच्या दराचं करारात काढून सरांना दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण बिलात घातलं.

वडिलांना सांगितलं. त्यांनी विचारलं, आठ फूट खाली उतरलीस तेव्हा वर कोण होतं? मुकादमदादा होते म्हटल्यावर गप्प झाले.

उद्या गुरुवार. वसतिगृहात माणसांना वर-खाली नेणाऱ्या लिफ्टच्या खड्ड्याचं पीसीसी शनिवारी आहे. यादी पाठवलीय, शनिवारी सरांचा दुसरा मुलगा थांबणार आहे, आणि मुकादमदादांना आज दुपारी स्टाफ सरळ धरायला शिकवला.