पालवी, मोहोर, आंबिया : वसंत आला हे कोणत्या शब्दानं म्हणायचं?

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात देवगडच्या मावशीचा फोन आला. कलमं कशी आहेत असं विचारलं, तर म्हणाली, "औंदा मोहोर खंय? सगळी पालवीच इली." आवाज पार उतरलेला.

पुण्यात वाढलेल्या माझ्या कानांना 'पालवी' म्हणजे चांगलीच बातमी. आशेला पालवी फुटते, मनाला पालवी फुटते, हे शाळेच्या निबंधापासून आपण लिहीत आलो. पल्लव या संस्कृत शब्दातून आलेला हा कोवळा, तांबूस शब्द. पण हापूसच्या बागेत त्याच शब्दाचा अर्थ 'यंदाचा हंगाम मागे पडला' असा होतो. पाऊस लांबला, जमिनीत ओल राहिली, हवी तशी थंडी पडली नाही, की फांदीच्या ज्या डोळ्यातून, म्हणजे अंकुरातून, मोहोर यायचा त्यातून पानं येतात. ती पालवी जून झाल्याशिवाय त्या फांदीला मोहोर धरत नाही. म्हणजे आंबा उशिरा, म्हणजे भाव पडल्यावर. मावशीच्या आवाजात तो सगळा हिशेब होता, आणि तो मला एका शब्दात कळायला हवा होता. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. वसंत आला हे मराठी माणूस नक्की कोणत्या शब्दानं म्हणतो?

'वसंत आला' असं कोणी सहज बोलताना मी तरी ऐकलेलं नाही. छापलेलं पुष्कळ वाचलं आहे. बोलण्यातले आपले ऋतू तीन. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. तिघांच्या शेपटीला तोच 'आळा', म्हणजे काळ. उष्णकाल झिजून उन्हाळा झाला, हिमकाल झिजून हिवाळा. वसंताला अशी झीज लागलीच नाही. शब्द रोजच्या तोंडात असला की तो झिजतो, गुळगुळीत होतो. वसंत अजून पोथीतल्यासारखा कोरा आहे. मला हा सगळ्यात मोठा पुरावा वाटतो.

थंडी जाण्याच्या खुणा मात्र बोलण्यात भरपूर आहेत. संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते. होळी जळाली, थंडी पळाली. या सगळ्यांत थंडीच्या जाण्याची नोंद आहे, वसंताच्या येण्याची नाही. शिमगा हा शब्दसुद्धा बघा. त्याची व्युत्पत्ती 'सुग्रीष्मक'पासून सांगतात, हेमचंद्राच्या 'देशीनाममाला' या जुन्या प्राकृत शब्दकोशात 'सुगिम्हअ' हे फाल्गुनातल्या उत्सवाचं नाव म्हणून येतं, आणि गोव्यात आजही तो शिगमोच आहे. म्हणजे ज्याला आपण वसंतोत्सव म्हणून सजवतो, त्या सणाच्या जुन्या नावात वसंत नाही, ग्रीष्म आहे. नाव ठेवणाऱ्यांना पुढचं ऊन दिसत होतं.

पंचांग बघून प्रश्न सुटेल असं वाटत असेल तर तिथे गुंता वाढतो. वसंताचे महिने चैत्र आणि वैशाख, हे पाठ असतं. पण वसंत पंचमी माघात, ऐन शिशिरात. आणि सौर वसंत ऋतूचा प्रारंभ पंचांगात १८-१९ फेब्रुवारीच्या आसपास छापलेला असतो. शिवाय चैत्र स्वतः एका जागी कुठे बसतो? २०२३ साली पाडवा २२ मार्चला होता, २०२४ साली ९ एप्रिलला, २०२५ साली ३० मार्चला, २०२६ साली १९ मार्चला. अधिक मासामुळे तो असा मागेपुढे होतो. गुढीला बांधायच्या कडुनिंबावर त्यामुळे एखाद्या वर्षी पांढुरके तुरे डवरलेले असतात, एखाद्या वर्षी नुसतीच कोवळी पानं. हवामान खात्यानं तर वसंत हा शब्दच ठेवलेला नाही. जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मोसमी पावसापूर्वीचा काळ, संपलं.

पंढरपूरच्या देवळात मात्र माघातल्या आणि चैत्रातल्या, अशा दोन्ही वसंतांना जागा आहे, आणि मला ती मांडणी फार आवडते. वसंत पंचमीला विठ्ठल-रुक्मिणीचा विवाहसोहळा होतो. तेव्हापासून रंगपंचमीपर्यंत देवाला पांढरा पोशाख आणि त्यावर गुलाल. मग पाडव्यापासून देवाला उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून चंदनउटी सुरू होते, ती मृग निघेपर्यंत. म्हणजे गुलालाचे दिवस वेगळे आणि चंदनाचे वेगळे. आपण 'वसंत' या एका शब्दात दोन्ही कोंबतो.

आता विदर्भात या. वरुड, मोर्शी, काटोल या संत्र्याच्या पट्ट्यात जानेवारी-फेब्रुवारीत जो प्रश्न एकमेकांना विचारला जातो तो "आंबिया फुटला का?" असा असतो. आंबिया म्हणजे आंबे बहार, आंब्याला मोहोर येण्याच्या वेळेचा बहार. दुसरा मृग बहार, तिसरा हस्त बहार. फारसी 'बहार' म्हणजे वसंतच, आणि भाषाशास्त्राच्या दृष्टीनं बहार आणि वसंत ही एकाच जुन्या मुळाची भावंडं आहेत. पण बागाईतदारांनी या शब्दाचं काय केलं बघा. त्यांनी वसंताला ऋतूपासून सोडवलं. मृग बहार म्हणजे शब्दशः जूनमधला वसंत! आणि क्रियापद तर त्याहून सुंदर आहे. बहार 'येतो' हे कवी म्हणतात, शेतकरी बहार 'धरतो'. त्यासाठी बागेला 'ताण' देतो, म्हणजे पाणी तोडतो. पानं मलूल होतात, काही गळतात. मग योग्य वेळी पाणी सोडलं की फूट आणि फुलं एकदम. डिसेंबरात नको तेव्हा पाऊस झाला तर 'ताण बसला नाही' म्हणतात, आणि मग कळ्यांची वाट बघत बसायचं. वसंताचं बेभरवशाचं येणं इतक्या नेमकेपणानं सांगणारा दुसरा वाक्प्रचार मला माहीत नाही. शब्दकोशात 'ताण' या नोंदीखाली हा अर्थ ठळक यायला हवा.

कोकणात परत जाते, कारण तिथला एक शब्द राहिला. 'पुनर्मोहोर'. मोहोर आला, कणी म्हणजे अगदी बारीक फळ धरलं, आणि थंडी रेंगाळली तर झाड त्याच फांदीवर पुन्हा मोहोर काढतं. ऐकायला हा दुप्पट वसंत. पण नवा मोहोर अन्नरस ओढून घेतो आणि आधी धरलेली बारीक फळं गळतात. मावशीच्या अंगणातल्या कलमाखाली मी हे बघितलं आहे. वर पिवळसर मोहोराचे झुपके, मधमाश्यांची गुणगुण, आणि खाली सारवलेल्या जमिनीवर वाटाण्याएवढ्या हिरव्या कैऱ्यांचा सडा. मावशी रोज सकाळी त्या कैऱ्या केरसुणीनं गोळा करायची, एक शब्द न बोलता.

आमच्या पुण्याच्या गल्लीत दोन पिंपळ आहेत, जेमतेम पन्नास पावलांवर. एकाची पानं फेब्रुवारीअखेर झडतात आणि आठवड्याभरात तो तांब्याच्या रंगानं लखलखायला लागतो. दुसरा तेव्हा जुनी धुळकट पानं सांभाळून असतो, त्याची पाळी मार्च उलटता उलटता. एकाच गल्लीत वसंताच्या दोन तारखा. मग पळस फुलल्यावर रानाचा वसंत, काटेसावर फुलल्यावर घाटाचा, कुसुमाची लालभडक पालवी दिसल्यावर सह्याद्रीचा, असं म्हणणंच खरं.

याच दिवसांतल्या आणखी एका शब्दाची काळजी वाटते. वळीव. एप्रिल-मे महिन्यांत दुपारभर उकडून संध्याकाळी गडगडाटासह कोसळतो तो वळवाचा पाऊस, आणि तो त्या दिवसांचा हक्काचा पाऊस आहे. अलीकडे बातम्यांमध्ये त्यालाही सरसकट 'अवकाळी' म्हणतात. अवकाळी म्हणजे ज्याचा काळ नव्हे तो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीसह आला आणि उभा गहू, द्राक्षं, संत्री झोडपून गेला, तो अवकाळी. दोघांना एकच नाव दिलं तर वेळेवर आलेलं आणि अवेळी आलेलं यांतला फरक सांगायला शब्दच उरणार नाही.

जपानी भाषेत 'हारु इचिबान' असा शब्द आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मार्चमधल्या संपातापर्यंतच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे होईपर्यंतच्या दिवसांत येणारा पहिला जोराचा दक्षिणेचा वारा. तिथलं हवामान खातं तो प्रदेशवार जाहीर करतं, आणि एखाद्या प्रदेशात निकषात बसणारा वारा आलाच नाही तर त्या वर्षी जाहीर करत नाही. येण्याला नाव आहे, आणि न येण्यालाही मान्यता आहे. आपल्याकडे एका वाऱ्यानं भागणार नाही, पण आंबिया, पुनर्मोहोर, ताण बसणे हे शब्द तेच काम करतात. फरक इतकाच की ते बागेच्या कुंपणाबाहेर आलेले नाहीत.

टोरांटोच्या बहिणीनं विचारलं होतं, मुलीला तिथल्या स्प्रिंगसाठी मराठीत कोणता शब्द सांगू. तिला मी बिनधास्त 'वसंत' सांग म्हटलं. तिथे बर्फ आणि ऊन यांच्या मध्ये खरोखरच एक वेगळा ऋतू आहे, आणि हा कोरा शब्द त्याला चपखल बसतो. इथल्या बातमीत, इथल्या लेखात मात्र मला झाडाचा आणि जागेचा शब्द हवा.

तर विचारायचं ते हे. खानदेशात, मराठवाड्यात, सीमाभागात, गोव्यात थंडी सरून ऊन तापेपर्यंतच्या या दिवसांना, किंवा या दिवसांतल्या पहिल्या खुणेला, घरात काय म्हणतात? मोसंबी, डाळिंब, काजू यांच्या बागा असलेल्यांनी तर जरूर सांगा. आणि 'पालवी' हा शब्द नकोशा अर्थानं देवगड-रत्नागिरीच्या बाहेरही वापरतात का?